सोमालची कुत्री

स्कोरावीक, १२ फेब्रुवारी १९६८

हायनी,

सहीपुरतं काम आहे, म्हणून लिहितेय. सोबतच्या कागदावर खाली उजव्या हाताला तुझं नाव घाल आणि पुढच्या बोटीने परत पाठव. बहीण असले तरी कसा आहेस वगैरे मी विचारणार नाही, तूही विचारू नकोस.

कागद ग्रोआचा आहे. कुत्रीचा परवाना सोमालच्या आणि तुझ्या, दोघांच्या नावावर काढलेला, हे मी विसरूनच गेले होते. नवरा गेला, राहिलास तू. तुझ्या सहीशिवाय तिला गोळी घालता येत नाही. मेंढरांचा कारभारी म्हणून ह्याल्ग्रिम स्वतः कागद घेऊन आला. दारात टोपी काढून उभा राहिला, आत काही येईना. म्हणाला, "राकुल, माणूस कड्यावरून गेला आणि कुत्री पायसुद्धा न मळवता घरी आली. ती असेल तर माझी माणसं मेंढरं उतरवायला डोंगरावर रांगेत उभी राहायची नाहीत." बरोबरच आहे त्याचं.

मलाही ती घरात नको आहे. चार महिने झाले, टेबलाखाली पडून असते. खायला घातलं तर मी खोलीतून गेल्यावर खाते. हाक मारली तर ऐकते, नाही असं नाही, कान उभे करते. पण बघते खिडकीबाहेर. मी चुलीपाशी उभी राहून हाक मारते आणि ती खिडकीतून डोंगराकडे बघते. अंगावर काटा येतो रे. सत्तावीस वर्षं संसार केला तो माणूस गेला आणि माझ्या वाट्याला हे ध्यान आलं.

तुझ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. जे म्हणायचं ते दार आपटून म्हणून झालंय. मेंढरं उतरवण्याच्या दिवशी, एवढ्या धुक्यात, तू रांगेतली आपली जागा सोडलीस, कड्याच्या अंगाला गेलास आणि तिथून आपली शीळ घातलीस. सोमालला वाटलं रांग तिकडे आहे, तो तिकडे चालत गेला. सोफुसकाकांनी तुझी शीळ ऐकली. मी खाली अंगणातून ऐकली. दोन आखूड, एक लांब, शेवटी वर चढणारी. तू सात वर्षांचा असताना मीच तुला ती शिकवली होती, मी ओळखणार नाही?

सही कर.

राकुल


९ मार्च

हायनी,

कागद पोचला. चार तुकडे. एस्बियर्गला तू काम करतोस त्या मासळीच्या कारखान्यात एवढे सुरे आहेत म्हणतात, त्यातला एक मागून तरी घ्यायचास. हाताने फाडलायस, तोही वेडावाकडा. आणि सोबत एक शब्द नाही.

ह्याल्ग्रिमला तुकडे दाखवले. तो जाम चिडला. मग म्हणाला, "ठीक आहे. ऑक्टोबरात मेंढरं उतरवायची त्या दिवशी ती तुझ्या शब्दावर चालली तर राहील. नाही चालली तर सही गेली उडत. संध्याकाळी मी बंदूक घेऊन येईन आणि पुढचं निस्तरेन." मी म्हटलं, "माझ्या शब्दावर ती जेवायलाही येत नाही." म्हणाला, "मग तुझं काम सोपंच झालं."

तेव्हापासून मनात काय आलंय, मला समजत नाही. फेब्रुवारीत मला ती मेलेली हवी होती. आता कुणीतरी दिवस ठरवून दिला तर मला राग येतोय. माझ्या घरातली कुत्री, ठरवणारा हा ह्याल्ग्रिम कोण?

सोफुसकाका येऊन बसले. ब्याऐंशी वर्षांचे झालेत, आयुष्य कुत्र्यांत काढलं. कॉफीचे तीन कप झाले, रुबार्बचा मुरांबा बशीभर संपवला, तोवर ग्रोआकडे एकदाही बघितलं नाही. मग विचारलं, "दिवसातून किती वेळा हाक मारतेस तिला?"

"कोण मोजतंय! पन्नासेक वेळा. घरातून, अंगणातून, दारातून. घसा बसला."

"येते किती वेळा?"

"एकदाही नाही."

"म्हणजे रोज पन्नास वेळा तू तिला शिकवतेस की हाक म्हणजे नुसता आवाज. तोंड बंद ठेव."

"माझ्याच घरात मला तोंड बंद ठेवायला सांगताय?"

"बावन्न वर्षांची झालीस, कुणी सांगितलं नाही, म्हणून मीच सांगतो. हाक मारू नकोस. तू तिच्याकडे जा. जाऊन बस. तिच्याकडे बघूही नकोस. तिला तू समजली पाहिजेस, तुझा आवाज नाही."

जाताना दारात थांबून म्हणाले, "या कुत्रीला हाकेनेच फसवलंय कुणीतरी." कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. तुला उद्देशून असावं असं मी धरून चालले आहे.

राकुल


२१ एप्रिल

हायनी,

तुझं पत्र नाही. मी मागितलंही नव्हतं, पण बोटीची वाट बघितली हे खरं.

आठ दिवस मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून मोजे विणले, तिच्याकडे पाठ करून. ढुंगण गार पडायचं, कंबर धरायची. शेजारणीने खिडकीतून बघितलं आणि गावभर सांगितलं की राकुलच्या डोक्यावर परिणाम झालाय. नवव्या दिवशी मानेवर गरम श्वास लागला. ती माझे केस हुंगत होती. मी हलले नाही, टाके सुटले तरी हलले नाही. नंतर उसवून पुन्हा विणलं.

आता हातातून खाते. वाळवणघरातलं मटण, त्यातही चरबीकडचा तुकडा हवा असतो बाईसाहेबांना. मी शिकतेय, हायनी. तिला ओलांडून गेलेलं तिला चालत नाही, वळसा घालून जायचं. हवा बदलायच्या आधी तिचा डावा कान पडतो, तेवढ्यावरून मी परवा वाळत घातलेले कपडे वेळेत आत घेतले. डोंगराच्या पायथ्यापर्यंत रोज जातो. मी थांबले की ती थांबते. सांगितलं नाही तरी.

फक्त धुक्याचा दिवस असला की तिचं वेगळं असतं. समुद्रावरून धुकं वर चढायला लागलं की ती उठते, बाहेरच्या दाराशी जाते आणि दाराखालच्या फटीला नाक लावून बसते. गुरगुरते, पण इतकं हळू की मला आधी वाटलं किटलीच वाजतेय. मी जवळ बसले तर माझ्या आणि दाराच्या मधे येऊन बसते. बाहेर कुणी नसतं. मी उघडून पाहिलंय.

आता कामाचं. मला सोमालची शीळ हवी आहे. ऐकताना ओळखायचे, पण ओठांवर आणायला गेले की मधली गिरकी हुकते. त्या शिळेवर ती सोमालसाठी डोंगर उलटा करायची. ऑक्टोबरला सहा महिनेही नाहीत, मोजे विणत बसून काय होणार? सोफुसकाकांना विचारलं तर त्यांनी तोंड फिरवलं. "वर्ष आणि एक दिवस," एवढंच म्हणाले. माहीत आहे मला. गेलेल्या माणसाची शीळ वर्ष आणि एक दिवस कुणी घालायची नाही, पाळण्यातल्या पोरालाही इथे ते कळतं. पण ते रांगेतल्या पुरुषांसाठी. मी त्याची बायको आहे.

तू त्याच्या शेजारी पंधरा वर्षं उभा राहिलास. आखूड किती, लांब किती, गिरकी कुठे, ते लिहून पाठव. हे तुझ्यासाठी नाही, कुत्रीसाठी मागतेय.

राकुल


२ जून

हायनी,

तू पाठवलं नाहीस. चांगलं केलंस. मी ऐकायला हवं होतं.

लोकरीच्या कोठीत दार लावून महिनाभर सराव केला. गिरकी जमली. मागच्या मंगळवारी, उजेडात, स्वयंपाकघरात तिच्यासमोर उभी राहिले आणि घातली. मनात म्हटलं, आता ही शेपूट हलवत माझ्या पायांवर येऊन पडेल.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे बघितलं. मग ती उभ्या उभ्या मुतली आणि उघड्या दारातून जी पळाली ती थेट होड्या ठेवायच्या नावघराखाली शिरली. दोन दिवस बाहेर आली नाही. तीन महिन्यांची मेहनत मी एका फुंकरीत घालवली. सोफुसकाकांना कोण सांगणार? पण ते समोरच राहतात, त्यांनी ऐकलं होतं. कुंपणापाशी येऊन म्हणाले, "घातलीस?" मी मान हलवली. म्हणाले, "किती वेळा?" मी कोठीतला महिना सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई," एवढंच म्हणून घरात गेले आणि दिवसाढवळ्या खिडक्या लावून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी नावघरापाशी पोटावर आडवी झाले आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. नुसता. मटण नाही, शब्द नाही. चिखलात पडून होते, वरून पाऊस. किती वेळ ते माहीत नाही. आणि तिथे, हायनी, तोंड चिखलात असताना, मला ते सगळं आठवलं जे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या दिवशी ती एकटी घरी आली ना, ती येऊन टेबलाखाली गेली नव्हती. मी गावाला तसं सांगितलं. ती दारात भुंकली. मग आत येऊन माझ्या झग्याचं टोक दातात धरून ओढायला लागली. मी मेंढीच्या आतड्यांत रक्त भरत होते, हात माखलेले. मी तिला लाथ मारली. ती परत आली, परत ओढायला लागली. मी परत मारली, या वेळी बरगडीत. मग ती टेबलाखाली गेली. संध्याकाळी सोमालला होडीतून आणला तेव्हा डॉक्टर म्हणाला की खडकावर तो दोन-तीन तास तरी जिवंत असावा.

ती पळून आली नव्हती. मला बोलवायला आली होती.

नावघराखाली तिला मी हेच सांगितलं. मोठ्याने नाही. बऱ्याच वेळाने तिने हनुवटी माझ्या तळव्यावर ठेवली. मी तिला शब्द दिला की पुन्हा कधी तिने ओढलं तर मी जाईन.

राकुल


१८ जुलै

हायनी,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

नावघराखालून बाहेर आली तेव्हापासून ती माझी सावली झालीय. मी शीळ पूर्ण सोडली. आता आमचं सगळं हातावर चालतं. मानेवर दोन थापा म्हणजे जा. मांडीवर हात म्हणजे ये. मी पाठमोरी बोलले तर ती आधी वळसा घालून माझ्यासमोर येते, माझं तोंड हलतंय का ते बघते, मगच ऐकते. मला हसू यायचं. म्हणायचे, माझा विश्वास नाही होय गं तुला? आता नाही म्हणत.

सोमवारी आम्ही वर गेलो होतो, सोमालच्या जागेपर्यंत. स्वच्छ ऊन होतं. तिचा डावा कान पडला, मी बघितला, आणि तरी म्हटलं एवढं काय होतंय. दहा मिनिटांत धुकं आलं. माझे बूट मला दिसेनात. अशा वेळी काय करायचं ते बाबांनी आपल्याला शिकवलंय, बसून राहायचं. मी बसले, ती मांडीला टेकून बसली.

आणि सोमालची शीळ आली.

हायनी, मी वेडी नाही. गिरकीसकट आली. उजवीकडून, थोडी वरून, आपल्या मेंढरांच्या वाटेवर तो असायचा तशीच. एकदा, मग थांबून पुन्हा. अशी शीळ तो मला घालायचा, शिदोरी घेऊन वर गेले की, मी कुठे आहे ते बघायला. मी उठले. बायको आहे मी, माझ्या पायांनी मला विचारलं नाही. मी 'आले, आले' म्हणत चालायला लागले. भीती नव्हती, उलट इतका आनंद झाला की मला रडू फुटलं.

ती आडवी आली. मी वळसा घातला, ती पुन्हा आडवी. मी ओरडले, "तुझा मालक बोलावतोय, मूर्ख!" तेव्हा तिने माझा हात मनगटाशी धरला आणि दात रुतवले. रक्त आलं. ती गुरगुरत नव्हती, नुसती धरून मागे ओढत होती. तिचे चारही पाय कापत होते.

मी तिच्यावर पाय उगारला. लाथेसाठी. उगारलेला पाय मी तसाच खाली ठेवला आणि तिथेच बसले. शब्द दिला होता.

शीळ जवळ आली. मग आणखी जवळ, अगदी समोर, हात लांब केला असता तर माणूस लागला असता. तिथे श्वास नव्हता. गवत हललं नाही. सोमालच्या अंगाला तंबाखूचा आणि लोकरीचा वास यायचा, सत्तावीस वर्षं घेतलाय मी तो, इथे नुसता ओल्या दगडाचा वास. ग्रोआने डोकं माझ्या झग्यात खुपसलं. मी तिचे कान हातांनी झाकले. माझे झाकायला हात उरले नाहीत.

धुकं विरळ झालं तेव्हा माझ्या बुटांपुढे दोन वीत गवत होतं. त्यापुढे काही नव्हतं. खाली समुद्र, आणि आम्ही दिशा चुकलो होतो तीही एवढीशी नाही. शीळ आली ती बाजू मेंढरांच्या वाटेची नव्हतीच. कड्याच्या बाहेरची होती.

घरी येऊन मनगट धुतलं, कॉफी केली आणि मग मला कळलं की मला तुला काय विचारायचं आहे. विचारायला लाज वाटते, कारण नऊ महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं. त्या दिवशी तू कुठे होतास? शीळ तू घातली होतीस का?

राकुल


३० ऑगस्ट

हायनी,

तुझं पत्र आलं. चार पानं! तू शाळेतही एवढं कधी लिहिलं नसशील.

तू झऱ्याच्या खाली होतास. मेंढीचा पाय दगडात अडकला होता, तू दोन हातांनी दगड उचलून धरला होतास आणि दोरी दातांत. दातांत दोरी धरून कुणाला शीळ घालता येत नाही. जागा सोडलीस ही चूक, ती तू मान्य करतोस, आणि वर कुणीतरी तुझ्याच शिळेने हाका मारतंय हे तू स्वतः ऐकलंस, दोरी तोंडातून टाकून ओरडलास तोवर उशीर झाला होता.

तू लिहितोस, 'हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.' हो, सांगितलं होतंस. दारात उभा राहून सांगत होतास. 'दोरी' इथपर्यंत ऐकलं मी, मग दार लावलं. नंतर तू बराच वेळ बाहेर उभा होतास तेही मला माहीत आहे, मी पडद्याआडून बघत होते.

आईने जाताना तुला माझ्या हातात दिला होता. तुझं नाक पुसलंय मी. आणि मी माझ्या भावापेक्षा धुक्यातल्या आवाजावर विश्वास ठेवला. मला माफ कर. याहून चांगलं लिहिता येत नाही.

तू विचारतोस, ते आहे काय? मला माहीत नाही. सोफुसकाका म्हणतात, त्यांच्या आजोबांच्या वेळीही होतं, त्याला नाव द्यायचं नाही. ते स्वतःचं काही बोलत नाही, आपण त्याला जेवढं ऐकवतो तेवढंच त्याच्याकडे असतं. म्हणूनच गेलेल्याची शीळ घालायची नाही. आणि मी महिनाभर कोठीत बसून त्याच्याकडून गिरकी घोटून घेतली.

राकुल


६ ऑक्टोबर

हायनी,

काल मेंढरं उतरवली. ग्रोआ जिवंत आहे, आत्ता माझ्या पायांवर झोपलीय. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे तू नीट वाचशील.

मी सोमालच्या जागी उभी राहिले. कुरकुर झाली. ह्याल्ग्रिम मुद्दाम माझ्या शेजारी तुझ्या जागी आला, कुत्रीवर नजर ठेवायला. खांद्यावरची बंदूक त्याने लपवलीही नाही. सकाळभर ग्रोआने असं काम केलं की बस्स. मी हाताने दाखवायचे, ती जायची, प्रत्येक वळणावर मागे वळून माझ्याकडे बघायची. ह्याल्ग्रिम म्हणाला, "मुकी झालीस की काय? कुत्री चालवतेस की कणीक मळतेस?" मी म्हटलं, "तुझं तू बघ."

दुपारी, मेंढरं अर्ध्या उतारावर असताना, कान पडला. मी लगेच ओरडले, "खाली बसा सगळे!" आता हे कोण ऐकणार? आकाश निळंभोर. हसले लोक. मग धुकं आलं आणि हसू थांबलं. नेहमीप्रमाणे, कोण कुठे आहे ते कळावं म्हणून, खालून वर एकेकाची शीळ सुरू झाली. ह्याल्ग्रिमची झाली, आता माझी पाळी. मी ओठ आवळले.

आणि माझी हाक आली. कड्याकडून.

शीळ नाही, हायनी. आवाज. माझा. "ये इकडे! ये म्हणते ना! किती वेळा सांगायचं!" फेब्रुवारीत मी दारात उभी राहून ग्रोआला अश्शाच हाका मारायचे, रोज पन्नास. तोच वैताग, शेवटी तसाच बसलेला घसा. माझा आवाज इतका चिरका आहे हे मला माहीत नव्हतं.

ह्याल्ग्रिम धुक्यात म्हणाला, "काय कटकट आहे बाईची. आलो, आलो." आणि त्याचे बूट माझ्यासमोरून कड्याकडे जायला लागले.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. मग कळलं की मी ओरडले तर दोन्हीकडून मीच ओरडणार, आणि माणूस नेहमी पुढच्या हाकेकडे जातो, मागच्या नाही. मी ग्रोआकडे बघितलं. ती कड्याकडे बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिकडे माझ्या आवाजात हाकांचा मारा चाललाय, तिच्याच हाका, तिलाच मारलेल्या, आणि ती माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघतेय.

मी तिच्या मानेवर दोन थापा मारल्या. तिला जायचं नव्हतं. तिचं अंग कापलं ते माझ्या हाताला कळलं. तिकडे सोमाल गेला होता, तिकडून ती एकदा एकटी परत आली होती आणि लाथा खाल्ल्या होत्या. मी पुन्हा दोन थापा मारल्या नाहीत. एकदा मारल्या तेवढ्या पुरे, बाकी तिच्यावर सोडलं. ती गेली.

मग मी नुसतं ऐकलं. ह्याल्ग्रिमची शिवी. पुन्हा शिवी. कापड फाटल्याचा आवाज. "सोड! सोड, सैताने!" मग बंदुकीचा खटका. मी तोंडावर हात दाबून धरला होता, चावला असेन, व्रण आहे. खटका वाजला आणि पुढे गोळीचा आवाज नाही. मग एक दगड घरंगळला आणि तो दगड पडल्याचा आवाज आलाच नाही.

बऱ्याच वेळाने ह्याल्ग्रिमचा आवाज आला, अगदी बारीक. "राकुल, तू कुठे आहेस?" कड्याकडून उत्तर आलं, "ये म्हणते ना!" तो म्हणाला, "तुला नाही विचारलं." मग तो चार पायांवर रांगत माझ्यापर्यंत आला, एका हाताने ग्रोआच्या मानेची कातडी धरून. पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत फाटून गेलेला. माझ्या चेहऱ्याला हात लावून बघितलं त्याने, नाक, तोंड, सगळं, आंधळ्याने बघावं तसं. आम्ही तिघं एकमेकांना धरून धुकं जाईपर्यंत बसलो. ते बोलत होतं तोवर ह्याल्ग्रिम रडत होता. मोठा माणूस, कारभारी. मीही.

खाली आल्यावर त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की कुत्री राहील. आणि म्हणाला, "हायनीने शीळ घातली नव्हती." सोफुसकाकांनी टोपी काढली.

राकुल


१३ ऑक्टोबर

हायनी,

तुझं कार्ड मिळालं. 'सतरा तारखेच्या, गुरुवारच्या बोटीने येतो.' एवढंच! मी ते दहा वेळा वाचलं आणि मग तुझी खोली झाडली. गादी उन्हात टाकलीय. तुझ्यासाठी मटणाचा मागचा पाय राखून ठेवलाय, ग्रोआ त्याच्याखाली बसून असते.

हे पत्र तोर्शाव्हनच्या खलाशी वसतिगृहात पाठवतेय, तिथे तुला बोट बदलायच्या आधी मिळेल. नीट वाच, अर्ध्यावर सोडू नकोस, मी सोडलं तसं.

या आठवड्यात ते खाली आलं आहे. आधी डोंगरावरच असायचं. बुधवारी वाळवणघरामागून आलं, काल धक्क्यावरून. सोमालची शीळ घालत नाही आता. माझाच आवाज काढतं, आणि चिडून नाही. अलीकडे मी ग्रोआशी जसं बोलते, लाडाने, तसं. तुझं कार्ड मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं होतं, खिडकी उघडी होती. काल धुक्यात धक्क्याच्या टोकावरून, जिथे पायऱ्या मोडल्या आहेत तिथून, मी तुझं नाव ऐकलं. माझ्या तोंडून, आईने हाक मारावी तसं. इतकं गोड मी तुझ्याशी आयुष्यात बोललेले नाही.

म्हणून सांगते. गुरुवारी ऊन असलं तर उतर आणि घरी ये. धुकं असलं तर बोटीतच बस. बोटवाला ओरडेल, ओरडू दे. मी हाक मारणार नाही, तोंड उघडणार नाही, तू समोर आलास तरी आधी हात लावीन, मग बोलेन. धक्क्यावरून बहीण बोलावतेय असं वाटलं, ती रडतेय असं वाटलं, माफी मागतेय असं वाटलं, तरी जागचा हलू नकोस. माझी माफी ऑगस्टच्या पत्रात लिहिलेली आहे, तेवढीच खरी.

मी ग्रोआच्या मानेवर दोन थापा मारीन. ती येऊन तुझी बाही धरेल. ती ओढेल तिकडे ये.

तुझी
राकुल